आडात सोडलेली पेटी

१

सत्यभामाच्या डोक्यात भीतींची एक यादी होती. विंचू, उकळतं दूध, पंख्याचा सैल बोल्ट, घशात अडकलेला शेंगदाणा. लेक रांगायला लागल्यापासून यादी रोज वाढत होती, पण तिच्या शेंड्यावर कायम अंगणातला आडच असायचा.

आड जुना, आटून कैक वर्षं झालेला. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, तळाशी मुरूम भरून, वरून सिमेंट ओतून त्याचा साडेपंधरा फुटी हौद केला होता. दुष्काळात दूध संस्थेचा टँकर आठ-दहा दिवसांनी सभासदांच्या दारात यायचा. त्याचं पाणी आडात सोडायचं आणि वर पत्र्याचं झाकण टाकायचं. पण पाणी किती उरलं हे बघायला दिवसातून चार वेळा कुणीतरी झाकण उचलायचं, आणि उचललेलं झाकण दर वेळी जागेवर जाईलच असं नव्हतं. एका सकाळी ते अर्धं सरकलेलं होतं आणि अकरा महिन्यांची मंजुळा त्याच्यापासून दोन हातांवर बसून मुंगीकडं बघत होती. त्या दिवशी सत्यभामाला जेवण गेलं नाही.

दुपारी तिनं ट्रंकेतून श्रीखंडाचा डबा काढला. डब्यात वायरी, सेन्सर आणि बोटाएवढे बोर्ड होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा बीडला झाला होता. लग्नानंतर त्यातलं उरलं होतं ते संस्थेचं दुधाची फॅट मोजायचं मशीन दुरुस्त करण्यापुरतं, आणि बाळंतपणानंतर तेही नाही. नवरा सुग्रीव संस्थेच्या शीतकरण केंद्रावर कामाला होता. तो चेष्टेनं म्हणायचा, दुसऱ्यांच्या बायका साड्या जमवतात, माझी भंगार जमवती.

तीन दिवसांत पेटी तयार झाली. काम सोपं होतं. पेटीतला सेन्सर माणसाच्या कानाला न कळणारा आवाज खाली सोडायचा. आवाज पाण्याला आपटून परत आला की त्याला लागलेल्या वेळावरून अंतर निघायचं. दर दहा सेकंदांनी एकदा. अंतराचा आकडा मोबाइलवर दिसायचा आणि वेळेसकट एका कार्डावर लिहिला जायचा. झाकण उघडायचं कारणच उरणार नव्हतं.

मोबाइलशी बोलायला पेटीला स्वतःचं वायफाय लागतं आणि वायफायला नाव लागतं. लेक मांडीवर झोपली होती. सत्यभामानं एका हातानं टाईप केलं : मंजुळा.

झाकणाच्या आतल्या बाजूला पेटी बसवताना सासूबाई, विमलबाई, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. ही काय करती म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा सत्यभामानं सोपं करून सांगितलं, की आत्याबाई, ही खाली हाक मारती आणि हाक परत यायला किती वेळ लागला ते मोजती.

"आडात वाकून कुनाचं नाव घिऊन हाक मारू न्हाई," विमलबाई म्हणाल्या. "एवढं शाळंत शिकवलं न्हाई का गं?"

नाव घेत नाही, नुसती हाक मारते, असं सत्यभामा हसून म्हणाली. ते खरंच होतं. आवाजात नाव नसतं. नाव वायफायच्या लहरीत असतं, सेकंदाला दहा वेळा पुकारलेलं. पण हे तिनं सांगितलं नाही.

२

पहिले बारा दिवस पेटी शहाण्यासारखी वागली. पाणी उतरत गेलं, आकडा वाढत गेला. मग टँकर लांबला आणि आकडा चारशे बावन्नवर येऊन थांबला. चारशे बावन्न सेंटिमीटर म्हणजे तळाशी उरलेलं वीतभर गढूळ पाणी. रात्री मंजुळा झोपली की सत्यभामा कार्डावरचे आकडे मोबाइलवर उतरवून बघायची. पानंच्या पानं चारशे बावन्न. एवढं कंटाळवाणं वाचून तिला कधी नव्हे ती झोप लागायची.

तेराव्या दिवशीच्या आकड्यांत एक भोक होतं. दुपारी तीन दहा ते तीन चोवीस या वेळात एकही ओळ नव्हती. त्याच्या आधी चारशे बावन्न, त्याच्या नंतर चारशे बावन्न, मध्ये काही नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच, त्याच वेळी.

तिनं शंकेची यादी केली. याद्या करायची सवयच होती. वैशाखाचं ऊन, तापलेला पत्रा, बोर्ड गरम होऊन बंद पडत असेल. पण मग तो दोन वाजता का पडत नाही? बॅटरी तपासली, ठीक होती. एक जोड सैल वाटला म्हणून लाईट आल्यावर परत सोल्डरिंगचा डाग दिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा चौदा मिनिटं गायब.

चूक सापडली ती पिठलं ढवळताना. चूक तिचीच होती. आड अरुंद, आवाज भिंतीला घासून एखादा खोटा आकडा येणार, म्हणून प्रोग्रॅममध्ये तिनंच एक ओळ घातली होती : आधीच्या आकड्यापेक्षा वीतभराहून जास्त फरक आला तर तो आकडा धरू नको, टाकून दे.

म्हणजे पेटी बंद पडत नव्हती. ती त्या चौदा मिनिटांत मोजत होती, आणि जे मोजत होती ते पटण्यासारखं नाही म्हणून फेकून देत होती. पटत नाही ते टाकायला तिला सत्यभामानंच शिकवलं होतं.

तिनं ती ओळ काढली.

पुढच्या दिवशी, रविवारी, भोक भरलेलं होतं. चारशे बावन्न, चारशे बावन्न, आणि तीन दहाला एकदम चारशे. मग तीनशे नव्याण्णव, तीनशे अठ्ठ्याण्णव, परत तीनशे अठ्ठ्याण्णव, तीनशे सत्त्याण्णव. दर हाकेला पाऊण-एक सेंटिमीटर. तीन चोवीसला तीनशे चाळीस. आणि त्याच्यापुढची ओळ, काही झालंच नाही अशी, चारशे बावन्न.

३

बादली. दुसरं काय असणार? झाकणाखाली कुणी बादली सोडली की सेन्सरला मध्ये ती दिसणार. सत्यभामाला इतकं हायसं वाटलं, की पाणीचोरीचा राग यायलाही जरा वेळच लागला.

मग राग आला, आणि रागाला चेहराही मिळाला. पलीकडच्या छबुबाईची चार शेळ्यांची दावण होती. आप्पा दोन गाई घेऊन चारा छावणीत राहत होते, सुग्रीव सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. दुपारी तीनला गल्लीत माणूस नसायचं. निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली, तिकडं पाणी आहे म्हणून तिकडंच थांबलेली. आणि सत्यभामा त्या वेळी आतल्या खोलीत मंजुळाच्या झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून आडवी व्हायची. छबुबाई आणि आत्याबाईंचं सूत जुनं. सुनेचा डोळा लागला की हळूच झाकण उचलायचं, यात अवघड काय होतं?

संध्याकाळी भाकरी थापताना तिनं आडून विषय काढला. झाकण कुणी हलवतं का, छबुबाईच्या शेळ्यांना पाणी पुरतं का, असं. विमलबाईंना आडून बोललेलं सरळ ऐकू यायचं.

"त्या वीतभर गाळासाठी छबू माझ्या आडात बादली टाकंल? आन् मी तिला झाकण उचलून दील?" त्या म्हणाल्या. "माझ्या गुडघ्याला इचार आधी, त्यो काय म्हंतो."

सत्यभामानं तव्यावरची भाकरी उलटली. सासूवर चोरीचा आळ घेणारी सून आपण कधी झालो, असं तिला वाटलं. तरी भाकरी उतरल्यावर तिनं झाकणाच्या कडीला कुलूप घातलंच आणि चावी मंगळसूत्रात ओवली.

विमलबाईंनी ते पाहिलं, पण राग धरला नाही. त्यांच्याकडं त्याहून मोठी बातमी होती. मंजुळा ओ द्यायला शिकली होती. आज दुपारी झोळीत पडल्या पडल्या नुसती ओ, ओ करत होती, शहाण्या बाईसारखी.

"लई ग्वाड वाटतं कानाला," त्या म्हणाल्या. "कधी शिकवलंस गं?"

सत्यभामा म्हणाली, तुम्हीच शिकवलं असेल.

"मी कावून शिकवू? मी तर तिला बाय म्हनायला शिकवती."

४

सोमवारी कुलूप होतं तसंच होतं. कार्डावर तीन दहाला तीनशे चाळीस, तीन चोवीसला दोनशे ऐंशी.

मंगळवारी ती स्वतः झाकणावर जाऊन बसली. मंजुळा आत झोळीत, विमलबाई दोरी ओढायला. खाली पोतं टाकलं तरी पत्रा भाजत होता. कुलूप तिच्या गुडघ्याशी. आपण चोवीस वर्षांच्या, डिप्लोमा झालेल्या बाई आहोत आणि भर उन्हात आडावर राखण बसलोय, हे कुणी पाहिलं तर काय सांगायचं, याचंही एक उत्तर तिनं तयार ठेवलं होतं. पाहायला कुणीच नव्हतं. गाईंशिवायचा गोठा किती गप्प असतो हे तिला तेव्हा कळलं. विहिरींवरच्या मोटारी कधीच्या बंद. छबुबाईची एक शेळी ठसकली आणि तीही थांबली.

तीन वाजून दहा मिनिटांनी मोबाइलवर चारशे बावन्नचे दोनशे ऐंशी झाले.

तिनं कुलपाला हात लावला. बंद होतं. झाकण तिच्या वजनाखाली होतं. पत्र्याच्या खाली ना दोरीचा आवाज होता, ना पाण्याचा.

दोनशे एकोणऐंशी. दोनशे अठ्ठ्याहत्तर.

आणि मग एक साधी गोष्ट तिच्या लक्षात आली, जी रविवारीच लक्षात यायला हवी होती. बादली वरून खाली जाते. ती आधी जवळ दिसली पाहिजे, मग लांब. ओढून घेताना परत जवळ. हे कधीच वरून खाली गेलं नव्हतं. हे फक्त वर येत होतं. आणि काल जिथं थांबलं होतं, आज तिथूनच निघालं होतं.

घरातून मंजुळाचा आवाज आला. "ओ."

हाकेला देतात तशीच ओ, जरा लांबवलेली. सत्यभामानं मोबाइलकडं पाहिलं. नवीन आकडा आला, दोनशे शहात्तर.

"ओ."

दोनशे पंच्याहत्तर. "ओ."

आकडा दर दहा सेकंदांनी बदलत होता आणि दर आकड्याला आतून ओ येत होती, ना आधी, ना नंतर. मध्येच विमलबाईंचं हसणं ऐकू आलं. लहान लेकरांना मोठ्यांपेक्षा बारीक आवाज ऐकू येतात, असं सत्यभामानं वाचलं होतं. ते तिनं स्वतःला दोनदा सांगितलं. सेन्सरचा आवाज कुठल्याच लेकराला ऐकू येण्याच्या पलीकडचा असतो हेही वाचलं होतं. ते मात्र आठवल्यासारखं केलं नाही.

तीन चोवीसला दोनशे वीस. मग चारशे बावन्न. आत मंजुळा गप्प झाली.

५

बुधवारी रात्री तिनं सुग्रीवला सगळं कार्ड दाखवलं. तो दिवसभर दुधाच्या कॅनशी झटून आलेला, तरी त्यानं एकेक ओळ बोट ठेवून वाचली. त्या दिवशीचा शेवटचा आकडा एकशे साठ होता.

त्यानं विचारलं, पत्रा तापतो, हवा तापली की आवाज पळतो, असं तूच म्हणाली होतीस ना? ती म्हणाली, त्यानं दहा-वीस सेंटिमीटरचा फरक पडेल, दोन-तीनशेचा नाही. मग त्यानं विचारलं, सेन्सर केवढ्याचा?

"स्वस्तातला आहे."

"मंग झालं तर. बाद झालाय त्यो," सुग्रीव म्हणाला. "भामे, वस्तू बिघडती. दर येळी तूच चुकलीस असं नसतंय."

हे वाक्य तिला इतकं आवडलं की तिनं ते जपून ठेवलं. सेन्सर बाद झालाय. दुसरा मागवला तर तालुक्याला, शिरूरला, यायला दहा दिवस लागणार होते. मंजुळाची ओ तिनं त्याला सांगितली नाही. सांगितली असती तर ती खरी झाली असती.

पण अंथरुणात पडल्यावर हिशेब तिच्या डोक्यातून हटेना. रोज साठ. गुरुवारी शंभर. शुक्रवारी चाळीस. शनिवारी झाकण.

गुरुवारी शंभरच आला.

शुक्रवारी सकाळी, उन्हं चढायच्या आत, तिनं कुलूप काढलं. मंजुळाला सासूच्या कडेवर देऊन घरात पाठवलं, झाकण उचललं आणि आत न बघता पेटी काढली. बघायला हवं होतं असं नंतर तिला वाटलं. नाही बघितलं हे बरं झालं, असंही.

सेन्सरच्या गोल डोळ्यावर पाण्याचे थेंब होते, गार. गेल्या पंधरा दिवसांत त्या आडात थेंब पडला नव्हता, आणि वीतभर गाळ साडेचार मीटर खाली होता. वाफ धरली असेल, ती म्हणाली, आणि पदरानं डोळा पुसला. झाकण बसवलं, कुलूप घातलं, वर पाटा आणून ठेवला.

६

दुपारी विमलबाई संस्थेच्या टेम्पोत बसून आप्पांची भाकरी घेऊन छावणीला गेल्या. जाताना म्हणाल्या, की आता पेटी काढलीस, बरं झालं, टाक ती ट्रंकेत.

सत्यभामा टाकणारच होती. पण ट्रंकेत टाकली असती तर कधीच कळलं नसतं. सेन्सर बाद असेल, तर तो आडात असो की घरात, बादच असणार. खोलीतही तीन दहाला आकडा घसरला, म्हणजे दोष सेन्सरचा. मग आड नुसता आड, मंजुळाची ओ नुसती ओ, आणि आपण नुसती जरा जास्त विचार करणारी बाई. शाळेत असताना प्रयोग जमावा म्हणून ती देवाला नवस बोलायची. आज ती बिघाड दिसावा म्हणून बोलली.

पेटी तिनं खोलीतल्या फळीवर ठेवली, डोळा समोरच्या दाराकडं. दार लावून कडी घातली. फळीपासून दारापर्यंत दोनशे एकतीस. मध्ये मोकळी फरशी. झोळी बाजूला, सेन्सरच्या वाटेत न येणारी. मंजुळा जागी होती, झोळीच्या कडेतून तिची एक मूठ तेवढी दिसत होती.

दोनशे एकतीस. दोनशे एकतीस. पंखा बंद होता, लाईट नव्हती. पेटी बॅटरीवर चालत होती.

तीन दहाला आकडा शंभर झाला.

सत्यभामा मोठ्यानं हसली. पत्र्याच्या छताखाली आपलं हसणं तिला परकं वाटलं, पण ती हसली. बाद होता. सेन्सर बाद होता. ती उठून फळी आणि दाराच्या मधल्या फरशीकडं बघत राहिली. फरशीवर काही नव्हतं. नव्व्याण्णव. काही नव्हतं. अठ्ठ्याण्णव. सुग्रीवला फोन करावा म्हणून तिनं मोबाइल हातात घेतला आणि मग तिला सुचलं, की बाद झालेल्या सेन्सरनं कुठलाही आकडा दाखवावा. ऐंशी दाखवावा, दीडशे दाखवावा. काल आडात जिथं सोडलं, बरोबर तिथूनच त्यानं का सुरू करावं?

काल शंभर म्हणजे आडात, पेटीपासून दोन हात खाली. आज शंभर म्हणजे इथं. त्या चौथ्या फरशीशी.

"ओ," मंजुळा म्हणाली.

सत्यभामानं तिला झोळीतून ओढून काढलं आणि छातीशी धरलं. दाराकडं जायचं तर त्या फरशीवरूनच जावं लागणार होतं. दुसरं दार त्या खोलीला नव्हतं. शहाण्णव. "ओ." पंच्याण्णव. "ओ."

हाक बंद करायची. एवढंच हातात होतं. हाक मारलीच नाही तर यायचं कशाला? आडातल्या पेटीला लेकीचं नाव आपण दिलं, रोज लाखो वेळा खाली सोडलं, आता आपणच थांबवायचं. पेटी भिंतीशी होती, तिची बॅटरीची वायर मागून जात होती. हात घालायला भिंतीकडं तोंड करावं लागणार होतं. एक क्षण ती थांबली. वायर काढली की आकडाही जाणार. मग ते किती लांब आहे हे कळायचं कसं?

ती वळली. मंजुळा तिच्या खांद्यावरून मागं खोलीकडं बघत राहिली. सत्यभामानं वायर उपसली. पेटीवरचा हिरवा दिवा विझला. मोबाइलवर वायफायच्या यादीतून लेकीचं नाव गेलं.

ती तशीच, भिंतीकडं तोंड करून, मनात मोजत उभी राहिली. चार. पाच. भिंतीला चुन्याचा एक पोपडा आला होता, तो तिनं आधी कधी पाहिला नव्हता. आठ. नऊ.

दहा.

"ओ," मंजुळा म्हणाली, तिच्या कानाशी.

पेटी मेलेली होती. तिनं पुन्हा मोजलं, या वेळी सावकाश. हळू मोजलं तर दहा आणि ओ यांचा मेळ चुकेल असं तिला वाटलं. तिचे आठच झाले होते.

"ओ."

लेकीची मान आता सरळ दाराकडं नव्हती. ती वर उचलली गेली होती. लांबून आलेलं माणूस अगदी जवळ येऊन उभं राहिलं की लेकरं मान वर करून बघतात, तशी. सत्यभामाच्या मानेवर गार, ओलसर काहीतरी लागलं. लेकीची लाळ असेल, तिनं स्वतःला सांगितलं. लेकीचं तोंड दुसऱ्या बाजूला होतं.

मग मंजुळानं दोन्ही हात पुढं केले. खांद्याच्या पलीकडं, कुणी उचलून घ्यायला आलं की करायची तसे.

सत्यभामानं मिठी घट्ट केली, डोळे मिटले, आणि मोजायचं थांबवलं. आणि तिच्या हातातलं लेकीचं वजन हळूहळू हलकं व्हायला लागलं.